ओट्यावरची तालीम

अमळनेरचे नाव निघाले की बोरी नदीच्या वाळूत भरणारी संत सखाराम महाराजांची वैशाखी यात्रा, श्रीमंत प्रतापशेठ यांची कापडगिरणी, त्यांच्याच दातृत्वाने १९१६ मध्ये स्थापन झालेले तत्त्वज्ञान मंदिर आणि साने गुरुजींचे प्रताप हायस्कूल, एवढे वैभव कोणीही खानदेशी मनुष्य एका दमात सांगून मोकळा होतो. परंतु आज असंख्य लोक आपापल्या घरात सतरंजी अंथरून जी आसने करतात, त्या आसनांची प्रयोगशाळेत परीक्षा करण्याचा उपक्रम ज्या पुरुषाने आरंभिला तो याच गावात १९१६ ते १९२३ या काळात अध्यापक होता, ही गोष्ट त्या यादीत सहसा येत नाही. जगन्नाथ गणेश गुणे हे त्यांचे नाव. पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने ते सर्वत्र विख्यात झाले. त्यांच्याकडे मी यथावकाश येणारच आहे. परंतु तत्पूर्वी ज्या परंपरेने त्यांना घडविले तिचा मागोवा घेणे अवश्य आहे, कारण व्यायामशाळा आणि घरचा व्यायाम यांच्यात आज जी फारकत झालेली दिसते ती पूर्वी नव्हती, आणि ती का नव्हती याचे उत्तर त्या परंपरेतच सापडते.

मल्लखांबाच्या उगमाची जी आख्यायिका महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे तिचे एक टोक खानदेशाच्या कुलदेवतेपाशी बांधलेले आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाच्या मुलखातून अली आणि गुलाब नावाचे दोन नामांकित मल्ल आले, त्यांचे आव्हान स्वीकारण्यास कोणी पुढे होईना, तेव्हा बाळंभटदादा देवधर नावाच्या तरुणाने मुदत मागून घेतली आणि वणीच्या सप्तशृंगगडावर, जेथे आजही चैत्रात खानदेशातून पायी जाणाऱ्या भाविकांची रीघ लागते, तेथे जाऊन अनुष्ठान मांडले. प्रत्यक्ष मारुतीने वानररूपाने प्रकट होऊन त्याला पकडी दाखविल्या, आणि परत येऊन त्याने त्या जोडीचा तोरा उतरविला. यातील चमत्काराचा भाग ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे ठेवावा; मला या कथेत मोलाचे वाटते ते निराळेच. समोर जोडीदार नसताना एकट्या माणसाने कुस्तीची मेहनत कशी करावी, या अडचणीतून मल्लखांब जन्मास आला आहे. सागाचा किंवा शिसवाचा एक खांब, त्याला एरंडेलाचा हात, आणि दसरंग, उडी, तेढी अशी चढती विद्या. एवढ्या सामग्रीवर एकाकी साधकाची सोय झाली. म्हणजे ज्या व्यायामप्रकाराचा महाराष्ट्राला विशेष अभिमान, त्याच्या मुळाशीच ‘एकट्याने काय करावे’ हा विचार आहे. पेशवाईबरोबर ही विद्या ब्रह्मावर्तास गेली आणि नानासाहेब, तात्या टोपे, राणी लक्ष्मीबाई ही मंडळी त्या आखाड्याच्या छायेत वाढली, हे इतिहास वाचणाऱ्यांस ठाऊक आहेच.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि खानदेशचा मुलूख कंपनी सरकारच्या अंमलाखाली आला. मालेगावच्या किल्ल्यात अरब शिबंदीने दिलेली झुंज संपली, कॅप्टन ब्रिग्ज पोलिटिकल एजंट म्हणून येथे बंदोबस्तास बसला, आणि तलवारीवर पोट भरणाऱ्या हजारो हातांना काम उरले नाही. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्लांची पलटण उभारली आणि तिचे ठाणे अमळनेरच्या शेजारीच धरणगावास झाले, तेव्हा डोंगरातील काही चपळ अंगे सरकारी कवायतीत शिरली; बाकीच्यांचे अंगबळ शेतात आणि आखाड्यात जिरले. पुढे १८७८ चा शस्त्रांचा कायदा आला. परवान्यावाचून हत्यार बाळगणे गुन्हा ठरले, आणि दांडपट्टा, फरीगदगा, बोथाटी या विद्या लढाईच्या न राहता उत्सवातील मिरवणुकीच्या झाल्या. तालमीचा हेतू अशा रीतीने पालटला: शत्रूशी लढण्यासाठी कमावले जाणारे शरीर आता शरीरासाठीच कमावले जाऊ लागले. आधुनिक व्यायामशाळेचा प्रारंभ मी येथे मानतो. यंत्रे फार मागाहून आली.

त्या काळची तालीम कशी असे, हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. बुटके दार, आत शिरताना मान लववावीच लागेल असे. कोनाड्यात शेंदूर माखलेला मारुती, त्याच्यापुढे समई. मध्ये कुस्तीचा हौद. हौदातली माती ही नुसती माती नसे. तांबडी माती चाळून तिच्यात तेल, ताक, हळद, लिंबाचा रस आणि ऐपतीप्रमाणे कापूर घालून ती वरचेवर खणून मऊ ठेवावी लागे, आणि हे खणणे हाच नवशिक्याचा पहिला व्यायाम असे. फावड्याने हौद खणून घामाघूम झालेल्या पोराला वस्ताद मग जोरांना लावीत. भिंतीशी करेलीच्या जोड्या, मुद्गल, दगडी नाल. शनिवारी मारुतीला नारळ फुटला की खोबरे सर्वांना वाटले जाई. वस्तादांना दरमहा काही ठरलेले वेतन नसे. गुरुपौर्णिमेला पागोटे, कोणाच्या घरची पायलीभर दादर, यात्रेतल्या आम दंगलीत पठ्ठ्याने मारलेल्या कुस्तीच्या इनामाचा मान, एवढीच त्यांची कमाई.

याच ठिकाणी घरच्या व्यायामाचा धागा गुंतलेला होता. गावातील प्रत्येक तरुण काही पैलवान होत नसे. पुष्कळांची तालीम लग्न झाले, शेताचा भार अंगावर आला, की सुटत असे. परंतु तालीम सुटली तरी मेहनत सुटत नसे. खानदेशातील धाब्याच्या घरांना पुढे ओटा असतो. त्या ओट्यावर, उन्हाळा असेल तर वर धाब्यावर, पहाटे चांदण्यात माणसे जोर काढीत. दोन विटा किंवा सुताराकडून घडवून घेतलेले दोन लाकडी हत्थे, एवढेच साहित्य. तळहात टेकून कंबर वर, मग छाती जमिनीला घासून पुढे, मान वर, आणि पुन्हा मागे; श्वास नाकाने, तोंड मिटलेले; खाली फरशीवर घामाचा जो ओला ठसा उमटे त्यावरून आजची मेहनत पुरी झाली की नाही हे ठरे. त्यानंतर बैठका, मग थोडे टहलणे, आणि अंग निवल्यावर स्नान. खानदेशाचे ऊन वैशाखात असे तापते की सूर्य वर आल्यावर श्रम करणे धोक्याचे, म्हणून व्यायामाची वेळ निसर्गानेच नेमून दिलेली होती. न्याहारीला कळण्याची भाकरी आणि ताक. पुढे ओट्यावरच्या बापाचे पाहून मुलगा जोर काढू लागे, आणि तो चुकला तर ‘कोपर बाहेर जाते आहे’ असे सांगण्याइतकी विद्या बापाच्या अंगी तालमीने मुरवून ठेवलेली असे. गावात तालीम एक असली तरी तिची शिकवण अशा शेकडो ओट्यांवर पसरत होती.

या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची उणीव झाकून ठेवणे मला मंजूर नाही. तालमीचे दार बुटके होते तसेच ते निवडकांनाच उघडणारे होते. पुष्कळ गावांत तालमी जातवार वाटल्या गेलेल्या होत्या, आणि स्त्रियांना तर त्या उंबऱ्याच्या जवळपासही जाण्याची सोय नव्हती. पहाटे ओट्यावर धनी जोर काढीत असताना आत जात्यावर बसलेल्या बाईचे खांदे त्याच्याहून कमी राबत नव्हते. दळण, नदीवरून पाण्याच्या खेपा, कपाशीच्या वेचणीत दिवसभर वाकलेली पाठ, या साऱ्या श्रमाला व्यायामाचे नाव कोणी दिले नाही आणि त्या श्रमाने शिणलेल्या अंगाला विश्रांती कशी द्यावी हेही कोणी शिकविले नाही. आखाजीला झाडाला बांधलेले झोके आणि झिम्मा-फुगडीचे खेळ, एवढाच खानदेशी लेकीबाळींचा स्वच्छंद व्यायाम, आणि तोही माहेरी असेपर्यंत.

विसाव्या शतकाच्या तोंडावर पाश्चात्य व्यायामाची लाट आली. यूजीन सँडोची छायाचित्रे, त्याचे डंबेल्स, स्प्रिंगा लावलेली साधने ही सुशिक्षितांच्या घरांत येऊ लागली, आणि तो स्वतः १९०४-०५ च्या सुमारास हिंदुस्थानात येऊन प्रयोग करून गेला. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १८९७ मध्ये सँडोची सारी सामग्री मागवून दहा वर्षे तिच्यावर निष्ठेने मेहनत केली. आणि १९०८ च्या सुमारास, मिरजेच्या पटवर्धन अधिपतींच्या सल्ल्याने, ती सारी बाजूस सारून सूर्यनमस्कार हाती घेतले. एका संस्थानाच्या अधिपतीला साधनांची काय वाण? द्रव्य होते, जागा होती, नोकर होते. तरीही त्यांनी जो व्यायाम पत्करला त्याला एका माणसाच्या लांबीएवढ्या जमिनीपलीकडे काहीच लागत नाही. पुढे त्यांनी संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले, राणीसाहेबांसह सारे कुटुंब नमस्कार घालू लागले, आणि १९३८ मध्ये लंडनमध्ये या विषयावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तकही प्रसिद्ध झाले. स्त्रीने घरात, आपल्या वेळेला, कोणाच्या परवानगीवाचून करावयाचा व्यायाम म्हणून सूर्यनमस्कारांचा जो प्रसार त्यांनी केला, तो तालमीच्या बंद दाराला मिळालेला एक सभ्य जबाब होता असे मी समजतो.

आता गुणे यांच्याकडे वळू. १८८३ मध्ये गुजरातेतील डभोई येथे जन्मलेल्या या तरुणाला १९०७ ते १९१० या काळात बडोद्यास जुम्मादादा व्यायाममंदिरात प्रोफेसर माणिकराव यांच्या हाताखाली शिक्षण मिळाले. माणिकराव हे साधे वस्ताद नव्हते. देशी व्यायामाला त्यांनी संघाची शिस्त दिली, कवायतीचे हुकूम इंग्रजीऐवजी देशी भाषेत बसविले, आणि एकेका पठ्ठ्याला घडविण्याची जुनी रीत न मोडता शेकडो मुलांना एका वेळी शिकविता येईल अशी पद्धत तयार केली. हे संस्कार घेऊन गुणे १९१६ मध्ये अमळनेरास खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या राष्ट्रीय महाविद्यालयात आले, भारतीय संस्कृती हा विषय शिकवू लागले आणि १९२० मध्ये त्या संस्थेचे प्राचार्य झाले. दरम्यान १९१९ च्या सुमारास नर्मदातीरी मालसर येथे परमहंस माधवदासजी यांच्याशी त्यांची गाठ पडली आणि योगविद्येचा मार्ग खुला झाला.

येथून पुढची हकीकत मला विलक्षण वाटते. योगाविषयी आपल्याकडे श्रद्धा विपुल होती; परंतु उड्डियानबंध किंवा नौली केल्याने पोटात नेमके काय घडते हे पाहण्याची उत्सुकता फारशी कोणास नव्हती. अमळनेरच्या महाविद्यालयाचा हा प्राचार्य १९२०-२१ मध्ये आपल्या काही विद्यार्थ्यांसह बडोद्याच्या इस्पितळात गेला आणि क्ष-किरणांच्या यंत्रापुढे या क्रियांची परीक्षा केली. आखाड्यात शरीराला वळण लावण्यास शिकलेला माणूस त्या वळणाची कारणमीमांसा शोधू लागला. १९२३ मध्ये राष्ट्रीय चळवळीवर सरकारची वक्रदृष्टी असलेल्या त्या काळात महाविद्यालय बंद पडले. आणि १९२४ च्या ऑक्टोबरात लोणावळ्यास कैवल्यधाम उभे राहिले, त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघाले. १९३७ मध्ये मुंबई इलाख्यात खेर मंत्रिमंडळ आले तेव्हा शारीरिक शिक्षणाच्या समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे गेले, आणि पुढील वर्षी कांदिवलीस व्यायामशिक्षक तयार करणारी सरकारी संस्था निघाली. ज्या विद्येला एके काळी गुहा आणि गुरू यांवाचून गती नव्हती ती विद्या शाळेच्या पटांगणातून विद्यार्थ्याच्या घरी जावी, यासाठी त्यांनी ‘यौगिक संघ व्यायाम’ हे छोटे पुस्तकही लिहिले.

गुणे लोणावळ्यास स्थिरावले त्याच वर्षी, १९२४ मध्ये, तत्त्वज्ञान मंदिरात अध्ययनासाठी आलेले पांडुरंग सदाशिव साने प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले. साने गुरुजींना कोणी व्यायामाचार्य म्हणणार नाही. तथापि छात्रालयात मुले जागी होण्यापूर्वी खोल्या झाडणारा, त्यांचे कपडे धुणारा हा शिक्षक अंगमेहनतीची लाज घालविण्याचे काम करीत होता, आणि ते व्यायामाच्या इतिहासातून वगळता येत नाही. ‘श्यामची आई’ मध्ये पोहण्यास भिऊन माळ्यावर दडलेल्या श्यामला आई शिंपटीचा मार देऊन विहिरीवर पाठविते, तो प्रसंग महाराष्ट्रातील घराघराने वाचला आहे. मुलाच्या शरीराची जबाबदारी आधी घराची, हे त्या आईला कोणी सांगावे लागले नाही.

स्वातंत्र्यानंतरचा भाग मी झपाट्याने ओलांडतो, कारण त्यात सांगण्याजोगे थोडे आहे. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीस कुस्तीचे कांस्यपदक मिळविले तेव्हा मातीच्या हौदाला पुन्हा क्षणभर तेज आले. त्यानंतर गिरण्यांच्या पाळ्या, शहरांकडे धावणारी मुले आणि मॅटवरच्या कुस्तीचे नवे नियम यांत गावोगावच्या तालमी ओस पडत गेल्या. काहींच्या जागी गोदामे झाली. काहींना शासनाच्या व्यायामशाळा विकास अनुदानातून इमारत आणि साहित्य मिळाले, आणि साहित्य आले तरी ते शिकविणारा नाही म्हणून कुलूपही लागले.

मग जिम आली. आज अमळनेर, धुळे, जळगाव यांसारख्या गावांत आरसे, गाणी आणि लोखंड यांनी सजलेले दालन नवलाचे राहिलेले नाही. या नव्या संस्थेविषयी जुन्या मंडळींनी जो सरसकट कडवटपणा धरला आहे त्यात मी सामील होणार नाही. जिमने दोन कामे निःसंशय मोठी केली. तालमीने जात पाहिली, जिम पाहत नाही; जो फी भरील त्याला यंत्र मोकळे. आणि स्त्रियांसाठी स्वतंत्र वेळ ठेवून तिने, ज्या सुनेला सूर्यनमस्कारही दार लावून घालावे लागत होते तिला, भर बाजारपेठेतून व्यायामाला जाण्याचा हक्क मिळवून दिला. माझा आक्षेप एकाच मुद्द्यावर आहे, परंतु तो मला जिव्हाळ्याचा वाटतो. जिम व्यायामाला घरी येऊ देत नाही. यंत्र हाताला धरून हालचाल करवून घेते, म्हणून हालचालीचे ज्ञान यंत्रात राहते, अंगात उतरत नाही. आणि वर्गणीची मुदत संपली की मनुष्य पूर्वी होता तेवढाच अजाण घरी परततो. जो घरी व्यायाम करू पाहतो त्यालाही यंत्रावाचून तो अपुरा वाटू लागतो. दंडावर किती सूज आली हे आरशात पाहण्याची सवय लागलेल्या डोळ्याला बैठकांनी येणारी पायांची ताकद आणि दमसास दिसत नाही. तालमीतला खुराक दूध, बदाम, थंडाईचा होता आणि तोही श्रमाच्या मापाने. आता डब्यातली भुकटी आधी येते आणि श्रम मागाहून.

२०२० च्या मार्चात कोरोनाच्या साथीमुळे सरकारी हुकुमाने व्यायामशाळांना जे टाळे लागले ते महाराष्ट्रात दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला, उघडले. त्या सात महिन्यांत या प्रश्नाची जणू सार्वजनिक परीक्षाच झाली. ज्यांच्या अंगी जोर, बैठका, नमस्कार किंवा चार आसने मुरलेली होती त्यांचे काही अडले नाही; त्यांनी गच्चीवर, गॅलरीत, दोन पलंगांमधील जागेत आपला नेम चालविला आणि त्यांच्या शेजारी घरातील मुले, आज्या, सुनाही उभ्या राहू लागल्या. ज्यांचे सारे ज्ञान यंत्रांपाशी राहिलेले होते ते दार उघडण्याची वाट पाहत बसले. त्यांत त्यांचा अपराध नाही. त्यांना कोणी शिकविलेच नव्हते. वर्षातून एकदा २१ जूनला मैदानावर हजारोंनी आसने होतात, तेही चांगलेच आहे, परंतु २२ जूनच्या पहाटे ओटा रिकामा असेल तर कुवलयानंदांनी क्ष-किरणांपुढे घालविलेल्या दिवसांचे आपण चीज केले असे म्हणता येणार नाही.

म्हणून अमळनेरच्या आणि एकूण खानदेशातील जिमचालकांना माझी आग्रहाची विनंती आहे की, नव्या माणसाची पहिल्या महिन्याची फी घ्याल तेव्हा यंत्रांकडे नेण्याआधी त्याला बिनचूक जोर, बिनचूक बैठक आणि बारा नमस्कार शिकवा, आणि घरी किती घातले हे दर सोमवारी विचारा. एखादा पठ्ठा त्यामुळे वर्षभराने वर्गणी बंद करून घरीच मेहनत करू लागला तर तो तोटा मानू नका. नगरपरिषदेने आणि जिल्हा क्रीडा कार्यालयाने अनुदानाच्या अर्जात साहित्याच्या यादीशेजारी शिक्षकाच्या नेमणुकीचाही रकाना घालावा आणि तो कोरा असेल तर अर्ज परत करावा. आणि ज्या वाचकांच्या घराला अजून ओटा आहे त्यांनी उद्या पहाटे तेथे ठेवलेली मोटारसायकल थोडी बाजूला घ्यावी. एका माणसाला पुरेल एवढी जागा तेथे निघते.